डिस्कोबंदीच्या ठरावाविरुद्ध

शासकीय सेवेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ठरावांची भाषा वाचता येते. ठरावात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिण्याचे टाळले आहे, इकडे त्याची नजर आधी जाते. आमच्या इंदुरातील एका मराठी मंडळाने २०२५ च्या आरंभी असा एक ठराव संमत केला. मंडळाच्या सभागृहात होणाऱ्या लग्नकार्यांत, तसेच मंडळाच्या स्वतःच्या उत्सवांत, ‘डिस्को व तत्सम पाश्चात्त्य धर्तीची नृत्यगीते’ वाजविण्यास परवानगी असणार नाही. कारण तीन शब्दांचे : मराठी संस्कृतीचे जतन. मंडळाचे नाव मी येथे देत नाही. एक तर त्या मंडळाचा मीही आजीव सभासद आहे. आणि दुसरे असे की, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील वाचकांच्याही गावात असे एखादे मंडळ असेल. त्यांनी आपापल्या मंडळाचे नाव घालून पुढे वाचावे.

ठरावामागची घटना ठरावात नाही, म्हणून ती सांगणे भाग आहे. २०२४ च्या मार्गशीर्षात माझ्या चुलतभावाच्या मुलीचे लग्न त्याच सभागृहात झाले. आदल्या रात्री सीमांतपूजन आणि जेवणे आटोपल्यावर तरुण मंडळींनी डीजे बोलावला होता. तासभर त्यांची गाणी झाली. मग त्या डीजेने भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलेल्या आम्हा वडीलधाऱ्यांकडे पाहून ‘आप जैसा कोई’ लावले. माझी थोरली वहिनी, वय अडुसष्ट, उठली. दादा १९९७ मध्ये गेला. तेव्हापासून प्रत्येक लग्नात ती अशाच भिंतीकडेच्या खुर्चीवर बसत आली आहे. त्या रात्री तिने चपला काढून खुर्चीखाली सारल्या आणि मुलींच्या घोळक्यात जाऊन ती नाचू लागली. नाचली म्हणजे काय, दोन पावले उजवीकडे, दोन डावीकडे आणि हातांची थोडी हालचाल. पण सम चुकली नाही. दोन मिनिटेही झाली नसतील, एक पदाधिकारी डीजेपाशी गेले आणि गाणे बंद पडले. ‘या वयात, आणि यांनी?’ असे ते म्हणाले. ‘यांनी’ या शब्दावर त्यांनी दिलेला जोर माझ्या कानात अजून आहे. वहिनी परत येऊन बसली, चपला शोधल्या आणि मला हळूच विचारले, ‘भाऊजी, माझ्यामुळे यांचं काही मोडलं का हो?’

दीड महिन्याने ठराव आला. त्यात वहिनी नाही, वय नाही, वैधव्य नाही. आहे तो फक्त डिस्को.

सभेत त्यावर जी चर्चा झाली तीत डिस्कोवर तीन आरोप ठेवले गेले : हे संगीत परके आहे, यांत्रिक आहे आणि उच्छृंखल आहे. आरोप करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात डिस्को म्हणजे फिरणारा आरशांचा गोळा, चमचमणारे कपडे आणि श्रीमंतांचे थेर, एवढेच चित्र होते. ते डिस्कोच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांचे चित्र आहे. आरंभ निराळा होता.

न्यूयॉर्क शहरात १९६९ पर्यंत पुरुषाने पुरुषाबरोबर नाचणे हे पोलिसांच्या धाडीला पुरेसे कारण होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये स्टोनवॉल नावाच्या मद्यगृहावर अशीच धाड पडली आणि रोजचा अपमान सोसणारे लोक प्रथमच रस्त्यावर उलटले. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, डेव्हिड मॅन्कुसो या तरुणाने ब्रॉडवेवरील आपल्या राहत्या जागेत निमंत्रितांसाठी नृत्याच्या रात्री भरवायला सुरुवात केली. तो स्वतः अनाथालयात वाढलेला होता. त्याच्याकडे मद्य विकले जात नसे. येणाऱ्यांत कृष्णवर्णीय होते, पोर्तो रिकोचे होते, गोरे होते, समलिंगी पुरुष होते, स्त्रिया होत्या; अन्यत्र ज्यांना दारातून परतवले जाई असे बरेच होते. जोडीदार लागत नव्हता, नृत्याची तालीम लागत नव्हती. ज्याला पुढे जगाने डिस्को म्हटले, त्याची ही पाळण्याची जागा. उच्छृंखलपणाचा आरोप करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की त्या खोलीतल्या बहुतेकांना मोकळेपणाने नाचता येईल अशी दुसरी जागा शहरात फारशी नव्हती.

आता यांत्रिकपणाचे. डिस्कोचा तो सुप्रसिद्ध ठेका, चारही मात्रांवर पायाच्या ड्रमचा सारखा ठोका आणि मध्ये उघडी-मिटणारी झांज, एका हाडामांसाच्या वादकाने घडविला. फिलाडेल्फियाचा अर्ल यंग. हॅरल्ड मेल्विन आणि त्याच्या साथीदारांच्या ‘द लव्ह आय लॉस्ट’ या १९७३ च्या गाण्यात तो ऐकावा. चारही मात्रा सारख्या वजनाच्या असल्यामुळे नवख्याचे पाऊल चुकत नाही; कोणत्याही मात्रेवर शिरा, आपण तालातच असतो. आपल्या दिंडीतली पावली ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. पंढरीच्या वाटेवर कोणी नृत्याचा वर्ग करून येत नाही.

या गाण्यांनी नाचण्याची जागा भरते ती आपोआप नव्हे. टॉम मोल्टन नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर पाहिले, की नाचणारे ऐन रंगात येतात आणि तीन मिनिटांची तबकडी संपली की पांगतात. त्याने खटपट करून गाण्याला गाणे जोडत पाऊण तासाची फीत तयार केली, मग एकेक गाणेच लांबवायला सुरुवात केली. शब्द बाजूला सारायचे, वाद्ये एकेक करून काढून घ्यायची, केवळ ठेका उरू द्यायचा आणि मग सगळा वाद्यमेळ पुन्हा एकदम आणायचा. तबलजी तिहाई घेऊन समेवर येतो तेव्हा आपल्या मानेला जो झटका बसतो, तोच हा. फरक एवढाच, की तेथे मान नव्हे, सारे अंग समेवर येते. लांब गाण्याला सात इंची तबकडी अपुरी पडू लागली. एके दिवशी ध्वनिमुद्रणशाळेत त्या आकाराच्या कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या म्हणून मोठी वापरली गेली आणि आवाज कितीतरी भरदार उमटला. बारा इंची एकेरी तबकडीची जन्मकथा ही अशी आहे. १९७६ मध्ये ती बाजारातही आली.

मान्य करतो, यंत्रेही आली. डॉना समरचे १९७७ चे ‘आय फील लव्ह’ म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी जवळपास सर्वस्वी सिंथेसायझरवर उभे केले आणि त्यानंतरच्या नृत्यसंगीताची दिशा बदलली. त्याच वर्षीच्या ‘स्टेइंग अलाइव्ह’ची कथा तर मला फार आवडते. बी जीज बंधूंचा ड्रमवादक घरच्या आजारपणामुळे निघून गेला होता. तेव्हा ‘नाइट फीव्हर’ या दुसऱ्या गाण्यातला त्याच्याच हातचा दोन आवर्तनांचा तुकडा कापून त्याची फीत गोल जोडली आणि तीच फिरवत ठेवली. तबकडीवर मात्र ‘बर्नार्ड लूप’ या अस्तित्वात नसलेल्या वादकाचे नाव छापले! या गाण्याची गती मिनिटाला सुमारे १०३ ठोके. बंद पडलेले हृदय चालू करण्यासाठी छातीवर दाब देतात तो मिनिटाला १०० ते १२० या वेगाने द्यावयाचा असतो. २००८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या पिओरिया येथील वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना हे गाणे ऐकवून सराव दिला आणि त्यांचा वेग नीट राहतो असे दिसले. त्यानंतर प्रथमोपचाराच्या वर्गांत हे गाणे शिकविण्याचे साधन झाले. यांत्रिक म्हणा हवे तर.

डिस्कोने स्वतःही दारे बंद केली, हे लपविण्याचे कारण नाही. १९७७ मध्ये उघडलेल्या ‘स्टुडिओ ५४’च्या दारात कोण आत यावे हे माणसाचे कपडे आणि चेहरा पाहून ठरत असे. त्या वर्षीच्या अखेरच्या रात्री नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स या दोन कृष्णवर्णीय वादकांना ग्रेस जोन्स या गायिकेचे निमंत्रण असूनही दारातून परत पाठविण्यात आले. आत त्यांच्याच ‘शीक’ या वाद्यवृंदाची गाणी वाजत असत. दोघे घरी गेले, संतापाने वाद्ये घेऊन बसले, दारवानाला शिव्या घालता घालता एक धून उभी राहिली. शिवी बदलून शब्द सभ्य केला आणि ‘ल फ्रीक’ हे गाणे झाले. १९७८ मध्ये त्याने अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला. आजही कोणत्याही समारंभात ते लागले की लोक उठतात. ते दारातून परतवलेल्या माणसांनी रचले आहे हे उठणाऱ्यांना ठाऊक नसते.

ग्लोरिया गेनरचे ‘आय विल सर्व्हाइव्ह’ याच जातीचे. १९७८ मध्ये ती रंगमंचावर पडली, पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली. पाठीला आधाराचा पट्टा बांधून तिने हे गाणे म्हटले. कंपनीने ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकले होते. डीजेंनी तबकडी उलटली. पुढे जगभरच्या एकट्या, टाकलेल्या, आजारातून उठलेल्या स्त्रियांनी ते आपले मानले.

यानंतर शिकागो. आमच्या ठरावाचे पूर्वज तेथे भेटतात. १२ जुलै १९७९ रोजी तेथील कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने ‘डिस्को विध्वंस रात्र’ साजरी झाली. डिस्कोची एक तबकडी आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या. सुमारे पन्नास हजार लोक लोटले. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत तबकड्यांनी भरलेली पेटी स्फोटकांनी उडवली, हजारो प्रेक्षक मैदानात घुसले, हिरवळ उखडली गेली, पोलीस आले आणि यजमान संघाला दुसरा सामना खेळताच आला नाही. तो प्रतिस्पर्ध्यांना बहाल झाला. हा निवेदक नंतर सांगत राहिला, की त्यात कोणाविषयी द्वेष नव्हता, केवळ एका संगीतप्रकाराची चेष्टा होती. परंतु त्या रात्री प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाने निराळे पाहिले. लोकांनी आणलेल्या कित्येक तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच. त्या केवळ कृष्णवर्णीय गायकांच्या होत्या, आणि त्या चालल्या. पुढे हाच मुलगा शिकागोत ‘हाउस’ या नव्या नृत्यसंगीताच्या आरंभीच्या मंडळींत होता. म्हणजे संगीत संपले नाहीच. आणखी एक मौज : त्याच वर्षी, त्याच खेळात, पिट्सबर्गच्या संघाने सिस्टर स्लेजचे ‘वी आर फॅमिली’ हे डिस्को गाणे आपले घोषगीत केले आणि वर्ल्ड सिरीज जिंकली.

गाण्यावरची बंदी ही बहुधा माणसांवरची बंदी असते, असे माझे मत या अभ्यासातून झाले. गाणे हे कागदोपत्री दाखविण्याचे कारण. माणसाचे नाव घेऊन ठराव केला तर सूचकाला आणि अनुमोदकाला लाज वाटेल. गाण्याचे नाव घेतले की संस्कृतिरक्षण होते.

आपल्याकडे हे नवीन नाही. डॉ. बा. वि. केसकर हे पुण्याचे, विद्वान, शास्त्रीय संगीताचे खरे प्रेमी. १९५२ मध्ये ते माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला हे त्यांच्या काळाचे श्रेय, ते नाकारू नये. पण त्यांच्याच काळात हिंदी चित्रपटगीते हलकी म्हणून आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते आकाशवाणीला चिकटून राहिले का? नाही. त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढून ती गाणी परत आणावी लागली. ज्यांच्या घरी ग्रामोफोन आणि तबकड्या होत्या त्यांचे त्या पाच वर्षांत काहीच अडले नाही. अडले ते शेजारच्या हॉटेलातल्या रेडिओवर गाणे ऐकणाऱ्याचे.

‘परके’ हा आरोप तर आपण मराठी माणसांनी करूच नये. ज्या पेटीशिवाय आपले नाट्यगीत उभे राहत नाही ती एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जन्मली. ग्वाल्हेरच्या भैय्या गणपतराव यांनी तिच्यातून ठुमरी काढून दाखविली आणि तरीही १९४० मध्ये आकाशवाणीने परकी म्हणून तिला बाहेर काढलेच. १९५१ च्या ‘अलबेला’त ज्यांच्या चालींवर अवघा देश नाचला ते सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र नरहर चितळकर. पडद्यावर नाचणारे भगवानदादा पालव गिरणी कामगाराचे पुत्र. आणि या संगीतकाराचे सहायक गोव्याचे कर्णेवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ. परका जॅझ या तिघांच्या हाती येऊन घरचा झाला.

डिस्कोचेही तसेच. मूळचे बंगळूरचे बिड्डू यांनी लंडनमध्ये १९७४ साली ‘कुंग फू फाइटिंग’ केले. तेही आधी तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलेले गाणे आणि तेही इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. अमेरिकेने डिस्कोची तिरडी बांधली त्याला वर्ष होते न होते तोच, १९८० मध्ये, याच बिड्डूंनी ‘कुर्बानी’साठी ‘आप जैसा कोई’ दिले. बाकी चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे. गाणारी नाझिया हसन कराचीत जन्मलेली, जेमतेम पंधरा वर्षांची मुलगी. तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. २००० साली, पस्तिसाव्या वर्षी ती गेली.

बप्पी लाहिरींच्या गाण्यांत उचलेगिरी होती, हे मी त्यांचा चाहता असूनही मान्य करतो. ‘हरि ओम हरि’ची चाल ‘वन वे टिकट’वरून सरळ आली आहे. पण १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मधले ‘जिमी जिमी’ चाळीस वर्षांनी, २०२२ मध्ये, चीनमध्ये ऐकू आले. महासाथीच्या टाळेबंदीत घरात कोंडलेले लोक रिकामी भांडी दाखवत ते वाजवीत होते, कारण त्या अक्षरांचा त्यांच्या भाषेत ‘तांदूळ द्या’ असा काहीसा अर्थ होतो. ज्याला बाहेर पडायला मज्जाव आहे अशा माणसाच्या हाती हे संगीत पुन्हा पुन्हा कसे जाते, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

१९८० साली मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. वहिनी घरात येऊन दोन वर्षे झाली होती. दादाने नवा टू-इन-वन आणला आणि ‘कुर्बानी’ची कॅसेट इतकी वाजली, की फीत दोनदा तुटली, मी ती चिकटवली. आई माजघरातून ओरडे. वहिनी पोळ्या लाटताना तो ठेका पोळपाटावर धरी. तिचे माहेर ग्वाल्हेरचे. माहेरी मंगळागौरीच्या खेळांत तिचा हात कोणी धरू शकत नसे असे ती सांगे. झिम्मा, फुगडी, पिंगा, रात्रभर. आपल्या संस्कृतीत स्त्रियांना नाचायला जागाच नव्हती असे कोणी म्हणू नये. जागा होती, पण तिचे प्रवेशपत्र म्हणजे कुंकू. नवरा गेला, की मंगळागौर गेली, हळदीकुंकू गेले, भोंडल्याच्या फेरातही लांब उभे राहणे आले. हे नियम आता सैल झाले आहेत असे आपण अभिमानाने सांगतो. मग त्या रात्री ‘यांनी’वर जोर का आला?

डिस्को गाण्याने वहिनीला काहीच विचारले नाही. वय विचारले नाही, सवाष्ण की विधवा हे विचारले नाही, पायांना शिक्षण आहे का हेही विचारले नाही. मंडळाला झोंबले ते हे.

आवाजाविषयी मात्र ठरावाच्या बाजूने बोलतो. खिडक्यांची तावदाने हादरविणारा, छातीत धडकी भरविणारा डीजेचा आवाज मलाही नको आहे. पण आवाजाला मोजमाप आहे, कायदा आहे, रात्री दहाची मर्यादा आहे. मंडळाने डेसिबलचा आकडा घालून नियम करावा. पहिली सही माझी. त्या आकड्यात मात्र नाट्यगीतही यावे आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत पदाधिकारी स्वतः ज्याच्यापुढे चालतात तो ढोलताशाही यावा. तशी सूचना मी चर्चेत मांडली होती. तिला अनुमोदक मिळाला नाही.

वार्षिक सभेसाठी मी लेखी दुरुस्ती पाठविली आहे. ‘डिस्को व तत्सम’ हे शब्द गाळावेत, किंवा ज्यांनी नाचू नये असे मंडळाला वाटते त्यांची वर्गवारी ठरावात स्पष्ट लिहावी. शासकीय टिपणीत आम्ही असेच लिहीत असू. संदिग्ध शब्दाआड अधिकाऱ्याने लपू नये.

यंदाची कोजागिरी आमच्या गच्चीवर आहे. भिंतीकडेच्या खुर्च्या मी खालीच ठेवणार आहे. मसाला दूध आणि गाण्यांची यादी, दोन्ही कामे वहिनीकडे. यादी तिने परवा आणून दिली. तीत ‘आप जैसा कोई’ दोनदा लिहिलेले होते. चूक झाली असेल म्हणून मी विचारले.

‘एक त्या दिवशी अर्धं राहिलेलं, भाऊजी,’ ती म्हणाली.